देवाला विचारलंत, आप्पा

आप्पा, काल नातीच्या शाळेतून एक फॉर्म आला. उन्हाळ्याच्या सुट्टीत 'व्यक्तिमत्त्व विकास शिबिर' भरणार आहे, आठ दिवसांचं. उभं कसं राहायचं, हात कसा मिळवायचा, चारचौघांत बोलताना नजर कुठं ठेवायची, हे सगळं शिकवणार आहेत म्हणे. खाली एक रेघ आणि रेघेखाली 'पालकाची सही'. मुलगा आणि सून लग्नाला अकलूजला गेलेत, म्हणून पोरीनं आज फॉर्म माझ्यापुढं धरला आणि म्हणाली, "आजी, कर की सही. उद्या शेवटचा दिवस आहे." मी विचारलं, "तुला जायचंय का?" ती म्हणाली, "त्यात काय विचारायचं? सगळ्याच जातात." मी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा पोर वैतागली आणि फॉर्म टेबलावर टाकून मैत्रिणीकडं निघून गेली. तो कागद अजून तिथंच आहे आणि त्याच्या शेजारी बसून मी हे लिहिते आहे. तुम्हाला जाऊन पन्नास वर्षं होत आली. इतक्या वर्षांत मी तुमच्या फोटोला हार घातले, लोकांपुढं तुमची तारीफ केली, माझे वडील म्हणजे कोर्टातलं मोठं प्रस्थ असं पोराबाळांना सांगितलं. आज मला तुमचा राग आलाय. तो नवा नाही, जुनाच आहे, फक्त आज मी तो गिळणार नाही.

फॉर्मवरचा तो 'व्यक्तिमत्त्व' शब्द मी ओळखते. हल्ली तो भिंतींवर रंगवतात, पण सोलापुरात तो कुणाच्या तोंडी नव्हता तेव्हा मी त्याला आपल्या सोप्यात, तुमच्या खिळ्यावर टोचलेला पाहिलाय. तुम्ही जिल्हा कोर्टात दुभाषी. साक्षीदार कानडी बोलो, विणकरांची तेलुगू बोलो की टांगेवाल्यांची दखनी, त्याचं इंग्रजी करून साहेबापुढं ठेवायचं हे तुमचं काम, आणि घरी आल्यावर वकिलांचे कागद इंग्रजीतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत करायचे हा जोडधंदा. एखाद्या शब्दाला शब्द मिळाला नाही की तुम्ही तो चिठोऱ्यावर लिहून टेबलावरच्या उभ्या खिळ्याला टोचून ठेवायचा. मग चार-आठ दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचं. पाणक्याला विचारलंत, न्हाव्याला विचारलंत, माझ्या आईला, अव्वाला, तर भाकरी थापताना विचारलंत. विचारायला तुम्हाला कधी कमीपणा वाटला नाही, हे मी तुमच्या बाजूनं म्हणून नमूद करते.

आणि माझं काम नकलांचं. माझं अक्षर चांगलं म्हणून दहाव्या वर्षापासून तुम्ही मला कागद सुवाच्य करायला बसवलंत. मराठी मला वाचता यायचं, इंग्रजी येत नव्हतं, तरी इंग्रजी कागदही मीच लिहायची. त्या लिपीतली अक्षरं तुम्ही मला पाटीवर गिरवून घेतली होती. सुरुवात माझ्या नावापासून केली होतीत, मग लहान अक्षरं, मग मोठी. अर्थ शिकवला नाहीत. "अर्थात शिरलीस की हात चुकतो," असं तुम्ही म्हणायचा. "मुळात माशी चिरडलेली असली तर नकलेतही माशी चिकटवायची. नक्कलनवीस तो असा." मला त्या माशीचं भारी हसू यायचं. प्रत्येक कागदाच्या दोन प्रती करायच्या, एक पाठवायची आणि एक आपल्याकडं ठेवायची. तिला तुम्ही ऑफिस-कॉपी म्हणायचा. ऑफिस-कॉपी नसलेला कागद म्हणजे बोललंच नाही असं समजावं, हे तुमचं ठाम मत. पंधराव्या वर्षी मी अशी इंग्रजी पानं लिहीत होते की वकील लोक विचारायचे, हे कुठल्या साहेबाचं अक्षर. तुम्ही मिशीत हसायचा. मला त्या पानांतलं ओ की ठो कळत नव्हतं.

मी सोळावं संपवत होते त्या वर्षाचं सांगते. व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे मराठी सातवीची परीक्षा, झाली होती, शाळेच्या मोठ्या बाईंनी माझ्याकडून पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करून घेतली होती आणि मी परीक्षा देऊन आले होते. दोन वर्षं पुण्याला राहायचं, मग मास्तरीण. मोठ्या बाईंचं काळ्या काठाचं पांढरं लुगडं आणि हातातली छत्री मला डोळ्यांपुढं दिसायची. तसंच आपण सोलापूरच्या उन्हातून चालत जातोय आणि पोरी वाटेतून बाजूला होताहेत, एवढंच माझं स्वप्न, फार मोठं नव्हतं. तुम्ही हो म्हणाला नव्हता, नाहीही म्हणाला नव्हता. "बघू की, उत्तर तर येऊ दे," म्हणालात.

त्याच उन्हाळ्यात देवाचा दावा आला. मंद्रूपच्या पुढं एका वाडीतला धनगरांचा देव. माळावर उघड्यावर, लिंबाच्या झाडाखाली, शेंदूर फासलेला दगड. पुजाऱ्यांच्या दोन घरांत भांडण लागलं होतं. एका घराला देव उचलून गावात नव्या देवळात न्यायचा होता, दुसऱ्या घराला तो माळावरच हवा होता. वकिलांनी जाडजूड इंग्रजी पुस्तकातून दाखवून दिलं की कायद्याच्या नजरेला देव हा इसम आहे. त्याची जमीन असते, त्याला दावा लावता येतो, त्याला स्वतःची इच्छा असते. फक्त तो कायमचा अज्ञान, म्हणजे वयात न आलेला, म्हणून त्याच्या तर्फे कुणीतरी पालक बोलायचा. देवाचं हे जे इसम असणं, त्याला इंग्रजीत पर्सनॅलिटी म्हणतात, असं तुम्ही जेवताना सांगितलंत. मराठीत काय म्हणायचं ते तुम्हाला सुचत नव्हतं. खिळ्यावर चिठोरं चढलं. इसमपणा. मग ते खोडून असामी. मग व्यक्तित्व.

तुमचे एक स्नेही होते, मिशनच्या शाळेतले निवृत्त हेडमास्तर, लॅटिन शिकलेले. ते एका संध्याकाळी पानसुपारीला आले आणि त्यांनी त्या शब्दाचं मूळच उकरलं. फार पूर्वी रोमच्या नाटकात पात्रं तोंडावर मुखवटा चढवून बोलत, त्या मुखवट्याला पर्सोना म्हणत. कुणी म्हणतात, आवाज आरपार यावा म्हणून त्याला तोंडाशी भोक ठेवायचे, त्यावरून तो शब्द आला, पण ते काही खात्रीचं नाही. पुढं मुखवट्यावरून शब्द पात्रावर गेला, पात्रावरून कोर्टात ज्याला उभं राहता येतं त्याच्यावर, आणि मग एकेका माणसाच्या आतल्या वेगळेपणावर. तुम्ही खूश. मांडीवर थाप मारून म्हणालात, "म्हणजे सुरुवात तोंडावरच्या लाकडापासून, आणि मुक्काम माणसाच्या काळजात." आत अव्वा शेंगाची चटणी कुटत होती. तिनं तिथूनच सांगितलं, "अवो, मंग सोंग म्हना की सरळ. एवडं डोकं खाजवायचं काय त्यात?" हेडमास्तर खो खो हसले. तुम्ही मात्र हसला नाहीत. तिचा शब्द चिठोऱ्यावर चढलाही नाही. न्हाव्याचा चढला असता.

दाव्यात एक म्हातारा धनगर साक्षीला आला होता. त्याची साक्ष तुम्ही घरी येऊन जशीच्या तशी करून दाखवलीत. तो साहेबाला म्हणाला, "सायेब, द्येव म्हंजे काय वांगं हाय का, हितनं उचलून तितं ठिवायला? त्याला इचारा की. त्यो न्हाय म्हनला तर न्हाय." ते वांगं तुम्ही इंग्रजीत कसं नेलंत कोण जाणे, पण साहेब हसला आणि वकीलही हसले. शेवटी दोन्ही घरांनी आपसात ठरवलं की देवालाच कौल लावायचा आणि देव म्हणेल ते मान्य करायचं.

कौलाच्या दिवशी तुम्ही मला आणि अव्वाला बैलगाडीतून तिकडं नेलंत. ते मला अजून काल घडल्यासारखं दिसतंय. माळ तापलेला. लिंबाखाली सगळी वाडी बसलेली, मेंढरं लांब रोखून धरलेली. म्हाताऱ्यानं देवाला पाणी घातलं आणि कण्हेरीची दोन ओली फुलं दगडाच्या दोन्ही खांद्यांना चिकटवली. उजवं पडलं तर देव माळावर राहणार, डावं पडलं तर गावात जाणार. मग तो हात जोडून दगडापुढं उकिडवा बसला आणि म्हणाला, "द्येवा, हितं ऱ्हायाचं का गावात जायाचं, मोकळ्या मनानं सांग. तू काय बी म्हन, आमी कुनी रागावनार न्हाय." आणि सगळे थांबले. लिंबाची सावली माझ्या पायांवरून सरकून गेली, लेकरं रडायची थांबली, एका बाईनं खोकला पदरात दाबला. तासभर, कदाचित जास्तच, शेसव्वाशे माणसं एका दगडाच्या उत्तराची वाट बघत चूप बसली होती. ज्यांना देव गावात हवा होता तेही बसले होते. उजवं फूल पडलं. कुणी कुणाशी भांडलं नाही. म्हातारा म्हणाला, "झालं. सांगिटलं त्यानं."

परतताना गाडीत तुमचे डोळे चमकत होते. तुम्ही मला म्हणालात, "बघितलंस पोरी? इंग्रजांच्या पुस्तकाला चार पानं लागली, ह्या अडाण्यानं एका वाक्यात सांगितलं. ज्याला विचारल्याशिवाय त्याचं काही ठरवता येत नाही, तो इसम. हेच ते व्यक्तित्व." घरी पोचल्यावर पायसुद्धा न धुता तुम्ही ते वाक्य चिठोऱ्यावर उतरवलंत. मला तुमचा इतका अभिमान वाटला की मी अव्वाला म्हटलं, असा बाप सोलापुरात दुसऱ्या कुणाला नसेल.

हा रविवार. त्याच आठवड्यातल्या गुरुवारी तुम्ही माझ्यापुढं पाच इंग्रजी मसुदे ठेवलेत. सकाळची वेळ, गिरणीचा भोंगा होऊन गेलेला, तुम्हाला कोर्टाची घाई. "कोर्टातनं येईपर्यंत होऊ दे," म्हणालात. मी पाचही कागदांच्या दोन-दोन प्रती केल्या. एकही डाग नाही. संध्याकाळी तुम्ही त्या उजेडाला धरून पाहिल्यात आणि म्हणालात, "हात आहे का काय आहे."

पुढच्या आठवड्यात जेवायला बसल्यावर तुम्ही सांगितलंत, "पुण्याहून काही आलं नाही. जागा भरल्या असतील." मी मान हलवली. मागच्या दारी जाऊन रडले आणि तोंड धुऊन आत आले. माझीच परीक्षा वाईट गेली असणार, असं मी धरून चालले, आणि ते अकरा वर्षं धरून चालले. मोठ्या बाई एकदा बाजारात समोरून आल्या. मी वाकून नमस्कार करायला गेले तर त्यांनी छत्री आडवी केली आणि निघून गेल्या. मला वाटलं, मी त्यांचं नाक कापलं, नापास झाले, म्हणून. त्या माझ्या लग्नालाही आल्या नाहीत. मोडनिंबचं स्थळ ठरलंच होतं, दिवाळीनंतर लग्न झालं. पाठवणीच्या वेळी तुम्ही माझ्या हातात एक फाउंटन पेन ठेवलंत, काळं, सोनेरी पट्टीचं, आणि म्हणालात, "अक्षर सोडू नकोस." त्या पेनानं मी तुम्हाला पत्रं लिहायची. इकडील सर्व क्षेम आहे, काळजी नसावी.

मोडनिंबला मी सुखात होते की नव्हते, हे आता सांगून उपयोग नाही. नवरा मारकुटा नव्हता. घरात माणसं पुष्कळ होती आणि चूल कधी विझत नव्हती. पण तुमच्या शब्दाचं काय झालं ते सांगते, कारण तो मला माहेरी आल्यावर पुन्हा भेटला. मी दुसऱ्या बाळंतपणाला आले होते. धाकटा भाऊ बी. ए. झाला होता आणि मुंबईच्या कुठल्यातरी कचेरीत मुलाखतीला निघाला होता. तुम्ही त्याला शिंप्याकडं नेऊन सूट शिवलात, आरशापुढं उभं करून चालायला लावलंत, आणि आल्यागेल्याला सांगत होता, "चिरंजीवांची पर्सनॅलिटी आहे." देवाचा शब्द आता कोटावर येऊन बसला होता. मासिकांनी त्याला व्यक्तिमत्त्व असं रूप देऊन टाकलं होतं, प्रभावी व्यक्तिमत्त्व, आकर्षक व्यक्तिमत्त्व. तो पोरगा आपला घामाघूम होऊन रुमालाची घडी करत होता. मी पाळणा हलवता हलवता सहज म्हटलं, "आणि माझी कशी आहे हो, आप्पा?" थट्टेनं म्हटलं होतं. तुम्ही थट्टेनं उत्तर दिलं नाहीत. "बाईमाणसाला स्वभाव असतो," म्हणालात. "व्यक्तिमत्त्व नव्हे. भलतं बोलू नये." आणि वर्तमानपत्र उघडलंत. मी पाळणा हलवत राहिले. त्या वेळी राग आला नाही, फक्त कान तापले.

इंग्रजी मी मोडनिंबला शिकले. तिथल्या छोट्या लाइनच्या स्टेशनवर एक मास्तर बदलून आले. त्यांची बायको लांबच्या मुलखातली, तिला मराठी येत नव्हतं आणि दुपारी तिचा वेळ जात नव्हता. मी तिला पापड लाटायला आणि मराठी बोलायला शिकवलं, तिनं मला इंग्रजी. मला अक्षरं येत होती हे बघून ती चकित झाली. इतकं सुंदर लिहिणाऱ्या बाईला इंग्रजीतलं 'मांजर' वाचता येत नाही, असं तिनं कधी पाहिलंच नव्हतं. अर्थ पहिल्यांदा कळायला लागला तेव्हा मला भीतीच वाटली. आजवर किती पानं लिहिली, त्यांत काय काय होतं, कुणाकुणाची घरं माझ्या अक्षरात उठली असतील, असं मनात यायचं. माझ्या स्वतःच्या घराचं मात्र मनात आलं नाही.

मग तुम्ही गेलात. दिवस झाल्यावर धाकट्यानं तुमच्या पेट्या माळ्यावरून काढल्या, रद्दी निवडायला मला बसवलं. तुमच्या ऑफिस-कॉप्या वर्षावार बांधलेल्या. त्यात माझं अक्षर दिसलं की मी वाचत होते, हौसेनं. देवाच्या दाव्याच्या गठ्ठ्यात एक पत्र होतं, पुण्याच्या कॉलेजच्या बाईंना लिहिलेलं. इंग्रजीत 'मी' म्हणजे एक उभी काठी असते. त्या पत्रात अशा सात काठ्या आहेत, सातही माझ्या हातच्या, वर-खाली नीट आडव्या रेघा मारलेल्या. मी आपली आभारी आहे. मला जागा मिळाल्याचं कळलं. मी पूर्ण विचार केला. मला पुढं शिकण्याची इच्छा उरलेली नाही. मी घरगुती आयुष्य पत्करू इच्छिते. मी हे राजीखुशीनं आणि अक्कलहुशारीनं लिहीत आहे. तुम्ही खतपत्रातलं ते कलम इंग्रजीत घालायला विसरला नव्हता. सातवी काठी, मी आपली नम्र. खाली माझं नाव, आणि त्याखाली तुमच्या हातचं, अज्ञान, तर्फे बाप. आणि त्याच गठ्ठ्यात सुतळीखाली ते चिठोरं, पिवळं पडलेलं: ज्याला विचारल्याशिवाय त्याचं काही ठरवता येत नाही, तो इसम.

मी ते पत्र घेऊन स्वयंपाकघरात गेले. अव्वा चुलीपुढं होती. मी म्हटलं, "हे तुला ठाऊक होतं?" तिनं कागदाकडं पाहिलंही नाही. "व्हय," म्हणाली. "मोडनिंबचं पावनं म्हनले, शिकायला पुन्याला गेलेली पोरगी आमाला नगं. मंग हेनी तसं लिवलं." मी विचारलं, मला का नाही विचारलं? ती तव्यावरची भाकरी उलटायची विसरली. "मी म्हनलं हुतं त्यास्नी, इचारा की एकदा पोरीला. तर म्हनले, इचारलं तर ती व्हयच म्हनंल जायाला, मंग काय करायचं?" भाकरी करपली. तिनं ती काढून बाजूला ठेवली. "लई चुकलं बग," म्हणाली, पण कुणाचं ते सांगितलं नाही.

म्हणजे माझं उत्तर तुम्हाला ठाऊक होतं, आप्पा. इथं माझं डोकं फिरतं. तुम्हाला वाटलं असतं की पोरीला जायचं नाही, तर ती चूक झाली असती आणि चुका मी पुष्कळांच्या पोटात घातल्या आहेत. पण तुम्हाला ठाऊक होतं. दगडाचं उत्तर ठाऊक नव्हतं म्हणून तुम्ही तासभर उन्हात बसलात, आणि माझं ठाऊक होतं म्हणून विचारलं नाहीत. त्या अडाणी म्हाताऱ्याला एवढी अक्कल होती की आधीच सांगून टाकावं, तू काहीही म्हण, आम्ही रागावणार नाही. तुम्ही तीन भाषा इंग्रजीत नेणारे, तुम्हाला एक प्रश्न मराठीत विचारता आला नाही. वर माझाच मुखवटा केलात. लाकडाचा नव्हे, अक्षराचा. त्याच्या भोकातून तुमचा आवाज पुण्याला गेला, आणि मोठ्या बाई मरेपर्यंत समजत राहिल्या की तो माझा. अव्वा बरोबर होती. सोंगच ते. फरक एवढाच की सोंग घेणाऱ्याला आपण सोंग घेतलंय हे माहीत असतं.

लोक म्हणतील, काळच तसा होता. काळानं कुणाचा हात धरला नव्हता. अव्वाचा काळही तोच होता, आणि ती म्हणाली होती, इचारा की. ते पेन मी मोडनिंबला परत गेल्यावर पोस्टमनला देऊन टाकलं. त्याच्या खिशाला शोभलं. पुढं आम्ही सोलापुरात राहायला आलो तेव्हा मी गल्लीतल्या पोरींना सोप्यात बसवून लिहायला-वाचायला शिकवलं, आणि जिनं न वाचता उतरवलं तिच्या हातावर पट्टी मारली. माझ्या हातून पट्टी जरा जोरातच बसायची.

आता पोर आत आली. फ्रॉकला माती, हातात पेरू. टेबलापाशी उभी राहून म्हणाली, "आजी, मी विचार केला. जायचंय मला." मी म्हटलं, "बरं." मला ते शिबिर म्हणजे शुद्ध चाळे वाटतात, पण मी सही केली. तिनं ती नीट वाचून पाहिली आणि फॉर्म दप्तरात ठेवला.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही. दुसरी प्रत करण्याचीही गरज नाही. ही एकच प्रत तुमच्या त्या गठ्ठ्यात, त्या पत्राच्या पाठीला लावून ठेवीन. पण तुम्ही शिकवलंत की मुळात माशी असेल तर नकलेत माशी हवी, म्हणून एक गोष्ट वगळता येत नाही. पाटीवर तुम्ही मला जे पहिलं इंग्रजी गिरवून घेतलंत ते माझं नाव होतं. त्या गुरुवारी पाचव्या मसुद्याच्या तळाशी ते होतं, आणि मी ते ओळखलं. टाक थांबला. तुम्ही उंबऱ्याशी जोडे घालत होता, मला हाक मारता आली असती. मला वाटलं हा पुण्याला होकारच असणार, म्हणून मी त्या कागदासाठी नवं निब काढलं आणि ते सगळ्यांत सुबक लिहिलं, दोन्ही वेळा. मग पुढच्या आठवड्यात तुम्ही ताटावर बसून म्हणालात, पुण्याहून काही आलं नाही. काही आलं नव्हतं तर आपण लिहिलं ते कशाला उत्तर होतं, एवढंच विचारायचं होतं. ओठांपर्यंत आलं होतं. तुम्ही वर पाहिलं नाहीत, आणि मी तुमच्या ताटात आणखी अर्धी भाकरी वाढली.